पाठमोरी चाळ

मला बसवत नाही. हा लेखसुद्धा मी खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानंच लिहितो आहे. घरातली मंडळी म्हणतात, पेन्शन झालं, आता तरी बूड टेका. पण माझी उभी हयात ओव्हरसियर म्हणून बांधकामांवर गेली, आणि बांधकामावर ओव्हरसियर बसला की गवंडी झोपतो. त्यामुळे बसण्याची सवयच राहिली नाही. कुणाकडे हळदीकुंकवाला बायकोला पोचवायला गेलो, तरी मी त्यांच्या घराभोवती एक चक्कर मारून येतो. दार कुठल्या बाजूला आहे, मोरीचं पाणी कुठं जातं, हे पाहिल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

ओव्हरसियर म्हणजे कोण, हे बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं. साहेब नकाशा काढतो, कंत्राटदार माणसं आणतो, गवंडी दगड लावतो आणि यांतलं काहीही चुकलं की शिव्या ओव्हरसियर खातो. मी बंगले बांधले नाहीत. बांधली ती गरिबांची घरं, तीही सगळी सोलापुरात आणि आसपास: गिरणी कामगारांच्या चाळी, हमालांच्या खोल्या, विणकरांची वस्ती. लोकांना वाटतं की लहान घर बांधायला काय अक्कल लागते? चार भिंती आणि वर पत्रा. खरं म्हणजे चूक लपते ती मोठ्या घरात. दिवाणखाना हातभर कमी पडला तर कुणाचं अडत नाही. दोन खोल्यांच्या घरात दार भलत्या बाजूला उघडलं, तर चुलीचं आणि पाळण्याचं जन्माचं भांडण लागतं.

माझ्या पहिल्याच चाळीत सांगोल्याकडचा एक धनगर गिरणीत लागून राहायला आला. त्याला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली होती. चार दिवसांनी मी गेलो, तर जिन्यावर लेंड्याच लेंड्या. गडी शेळ्या घेऊन वर चढला होता.

"अरे, शेळ्या माडीवर?" मी ओरडलो.

"मग कुटं ठिऊ?" तो म्हणाला. "खाली जागा ठिवलीय का तुमी? आन् खालच्याला इचारलंय मी. त्यो म्हनतो, तुज्या पोरांपरीस शेळ्या गप हायत."

मी रागावलो खरा, पण एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. माणूस घरात राहायला येतो तो एकटा येत नाही. तो बरोबर काय घेऊन येतो ते आधी विचारावं, आणि मग फक्की मारावी. फक्की म्हणजे पाया खणण्याआधी जमिनीवर चुन्याच्या भुकटीनं आखलेली घराची रेघ. ती एकदा पडली की पुढं सगळं त्या रेघेचंच ऐकतं.

आता ज्या वस्तीबद्दल लिहायचं आहे ती गोष्ट. शहराबाहेरच्या नाल्याकाठी हातमागवाल्यांच्या झोपड्या होत्या. पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात शिरायचं. कुणाचा माग कुजायचा, कुणाचं पोर तापानं जायचं. या लोकांना स्वस्त भाड्याची पक्की घरं द्यायची, असं वरून ठरलं. एक कमिटी नेमली गेली. तिचे सेक्रेटरी बापटसाहेब. पुण्याचं शिक्षण, स्वच्छ माणूस. लाच राहू द्या, साइटवरचं पाणीसुद्धा पीत नसत, घरून तांब्या आणत. बाकीच्या साहेबांसारखं कचेरीत बसून त्यांनी नकाशा काढला नाही, हे त्यांच्या बाजूनं आधीच सांगून ठेवतो. ते स्वतः धोतर सावरत नाल्याकाठी गेले आणि दारोदार हिंडून त्यांनी लोकांना विचारलं, "दोन खोल्यांचं घर देणार आहोत. पुढची खोली केवढी हवी? मागची केवढी हवी?"

सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलं, मागची मोठी, पुढची लहान असली तरी चालेल.

बापटसाहेब खूश झाले. माणसांना विचारून घर बांधायचं, हे तेव्हा नवीनच होतं. त्यांनी नकाशा काढला. तीन ओळी. पुढं ऐसपैस रस्ता, रस्त्याला कडुनिंबाची रोपं आणि कंदिलाचे खांब. दारात शिरलं की चिंचोळी पुढची खोली, आणि तिच्या पोटात भलीमोठी मागची. पहिल्या ओळीत तेलुगू पद्मसाळी विणकरांची घरं, दुसऱ्या ओळीत मोमिनांची, म्हणजे मुसलमान विणकरांची. दोन्ही ओळी पाठीला पाठ लावून, तोंडं विरुद्ध रस्त्यांना. म्हणजे कुणाला कुणाचं तोंड बघायला नको आणि तंट्याला कारण नको. दोन्ही पाठींच्या मध्ये सांडपाण्याची एक बोळ होती. तिसरी ओळ उशिरा नावं दिलेल्यांची, तिची पाठ गिरणीच्या कंपाउंडाला टेकलेली. मागच्या भिंतींना दार नाही, खिडकी नाही, फक्त छताखाली वीतभर झरोके.

घरं उभी राहिली. उद्घाटनाला गोरा कलेक्टर यायचा होता. इकडं पावसाळ्याच्या आत नाल्याकाठच्या झोपड्या पाडून टाका असा हुकूम निघाला होता. उन्हाळा संपत आलेला, रोज दुपारी वळवाचं आभाळ भरून यायचं आणि न पडताच निघून जायचं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अशात एका सकाळी पोचय्या आणि त्याची बायको नरसम्मा आपलं घर बघायला आली.

पोचय्या पन्नाशीचा, काटकुळा माणूस. बोलताना डोळे बारीक करायचा. मी त्याला पहिल्या ओळीतलं घर उघडून दिलं. खाली शहाबादी फरशी, भिंतींना गिलावा. मी ऐटीत उभा होतो. त्यानं पुढच्या खोलीत नजर फिरवली आणि विचारलं, "साब, माग कुटं लावायचा?"

"मागच्या खोलीत."

"हां, मागच्याच. पन ती कुटं हाय?"

"ही काय, आत. केवढी मोठी केलीय बघ."

तो आत गेला, अंधारात चाचपडून बाहेर आला. "हे न्हाय साब. मागची खोली."

"अरे बाबा, हीच मागची!"

"हितं माग बसत न्हाय. मागची खोली दावा की."

मला वाटलं, म्हातारा सकाळीच घेऊन आलाय. मी आवाज चढवला, तो पुन्हा तेच म्हणाला. शेवटी नरसम्मानं कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो! मग्गम्, साब, मग्गम्!" ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी विणकराचा धोटा इकडून तिकडं फेकल्यासारखं करून दाखवलं.

मी तिथंच भिंतीला टेकलो. तेलुगूत मागाला मग्गम् म्हणतात. कानडीत मग्ग. आपल्या मराठीत माग. सोलापुरात 'माग' म्हटलं तर कुणी पाठीकडं वळून बघत नाही, सगळे धोट्याकडं बघतात. बापटसाहेबांनी विचारलं, मागची खोली केवढी. लोकांनी ऐकलं, मागाची खोली केवढी. आणि जे माणूस पोटासाठी सांगेल तेच त्यांनी सांगितलं, ती मोठी हवी. पुण्यात हा घोटाळा झाला नसता, कारण तिथं 'मागची' म्हटल्यावर कुणाला माग आठवला नसता. इथं दोन्ही बाजू खरं बोलल्या होत्या आणि एका काठीचीही चोरी न होता सबंध वस्ती उलटी बांधली गेली होती.

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? मोठी खोली आहे, लावावा की माग. पण या लोकांचा माग जमिनीत खड्डा करून लावतात. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात, समोर धागे. तुटलेला धागा त्याला डोळ्यांनी शोधावा लागतो. म्हणून माग दाराशी हवा, उजेडात. मागच्या खोलीत दिवसाढवळ्यासुद्धा माणसाचं नाक दिसत नव्हतं, आणि पुढच्या चिंचोळ्या खोलीत माग मावत नव्हता.

पोचय्या उंबऱ्यावर बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "माजे डोळे गेल्यात जमा हायत साब. उजेड असला तर आजून थोडी वरसं निगतील. आंदारात आजच संपलो."

"मग दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर बस," मी म्हणालो. बोलून गेलो आणि जीभ चावली.

"कोन ठिवतंय आंदळ्याला? माजा माग हाय म्हनून मी विनकर हाय." तो उठला. "आमी नाल्यावरच बरं. बुडू तवा बुडू."

आणि नाल्यावर तर पंधरवड्यात कुदळी पडायच्या होत्या. एका पोचय्याचं हे नव्हतं, सगळ्याच घरांचं होतं. पण काही तोड निघेपर्यंत थांबायला त्याचे डोळेच उरले नव्हते.

मी तसाच बापटसाहेबांकडं गेलो. त्यांना आधी पटेना. "मी स्वतः विचारलं आहे. मागची खोली, असं स्पष्ट मराठीत विचारलं आहे."

"तिथंच तर घोळ झालाय साहेब. मराठी तुमची स्पष्ट होती, कान त्यांचे स्पष्ट होते."

मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली. पण ते लगेच सावरले. "आता घरं झाली आहेत. लोकांना सवय करून घ्यावी लागेल."

"पाठच्या भिंतीला दार पाडू या."

"बोळीत? मोरीच्या बोळीत दर्शनी दार? आणि समोरासमोर ते दोन्ही समाज? तुम्हाला कळतं आहे का काय बोलता ते? मी मुद्दाम त्यांच्या पाठी एकमेकांकडे केल्या आहेत." ते कागद आवरू लागले. "मी भाचीच्या लग्नाला पुण्याला चाललो आहे. आल्यावर फक्त उद्घाटनाचं बघायचं. भिंतीला हात लावायचा नाही."

मी घरी आलो. जेवण गेलं नाही. अंगणात येरझाऱ्या घालत होतो तेव्हा बायको म्हणाली, "एवढं चालायचंच असेल तर साइटवर जा, इथली जमीन झिजवू नका." बाईमाणसानं चेष्टेत म्हटलं, पण मी खरंच गेलो. पोचय्याच्या दारासमोर उभा राहिलो. बोळीत जाऊन पाठच्या भिंतीसमोर उभा राहिलो. पुन्हा पुढं आलो. अशा फेऱ्या मारता मारताच ते सुचलं. नवीन दार पाडायचंच कशाला? असलेलं दार हलवायचं. पुढची चौकट काढून पाठीला बसवायची, पाठीतून निघतील त्या दगडांनी पुढचं भगदाड बुजवायचं, वर खिडकीपुरती जागा सोडायची. मोठी खोली आपोआप पुढची होते आणि चिंचोळी मागची. नवीन काही आणायला नको.

कंत्राटदार सिद्रामप्पा मंद्रूपचा, लिंगायत माणूस. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचा. त्याला बोलावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "शिवा शिवा! ओव्हरसेर, लोक घर फिरलं की वासे फिरतात म्हनतात. तुमी वासे ठिऊन घरच फिरवायला निगालात की."

"एकच घर फिरवू. नमुना म्हणून."

"आन् साहेब आले म्हंजे?"

"नोकरी माझी जाईल. तुझं बिल कुठं जात नाही."

असं म्हणालो खरं, पण घरी चार खाणारी तोंडं होती. सिद्रामप्पानं माझ्याकडं बघितलं, पटका डोक्यावर दाबला आणि गवंड्यांना हाक मारली.

पोचय्याच्या घराचं दार फिरलं. बोळीकडून सकाळचं ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत गेलं. त्यानं फरशी उचकटून खड्डा केला, माग लावला, आणि उचकटलेल्या फरशा बोळीतल्या मोरीवर झाकून टाकल्या, नरसम्माला सुताचा रहाट घेऊन बसायला जागा म्हणून. खटक-खटक आवाज सुरू झाला. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो आणि तरीही मला चैन नव्हतं, कारण समोरून एक माणूस कमरेवर हात ठेवून बघत होता. दुसऱ्या ओळीतला इमामसाब. त्याचं घर पोचय्याच्या बरोबर पाठीला, म्हणजे आता बरोबर समोर. त्याची ती कोरी, आंधळी भिंत पोचय्याच्या दारापुढं उभी होती. मला बापटसाहेबांचे शब्द आठवले. आता हा बोंब मारणार, असं धरून मी पुढं झालो.

इमामसाब म्हणाला, "हमारा बी माग हय, साब. हमकू क्या अंधेरे में बुनना?"

"तोंड समोरासमोर येईल," मी म्हणालो.

"तो आने दो की! नाले पे कौनसा पर्दा था?" मग पोचय्याकडं वळून ओरडला, "क्या रे पोचय्या, मेरा थोबडा रोज देखेगा क्या?"

आतून पोचय्या म्हणाला, "माजे डोळे जानारच हायत. तवर बगतो."

त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणाला अडवलंही नाही. बोळीच्या दोन्ही बाजूंनी पहारी चालू झाल्या. ज्यांनी कधी दगड उचलला नव्हता ते विणकर चौकटी खांद्यावर घेऊन ओळीला वळसा घालत होते. यांचे दगड त्यांना, त्यांचा ओळंबा यांना. सिद्रामप्पाचे गवंडी फक्त कोपरे बघत होते. खड्ड्यांतल्या फरशा निघत गेल्या तशी मोरी झाकत गेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या घाणेरड्या बोळीचा रस्ता झाला.

बापटसाहेब उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी परतले आणि थेट कलेक्टरच्या बंगल्यावर गेले. दुसऱ्या दिवशी ते कलेक्टर आणि त्याच्या मडमेला घेऊन आले ते मोठ्या रस्त्यावर. कमान, पताका, आंब्याचे डहाळे, सगळं होतं. फीत होती. फीत बांधायला दार मात्र नव्हतं. त्या बाजूला होती एक लांबलचक भिंत आणि उंचावर खिडक्या. माणूस एकही नाही. बापटसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. ते माझ्याकडं बघत राहिले. मी कमानीची दोरी उगाच ओढून बघितली.

मडमेनं मान तिरकी करून विचारलं, हा आवाज कसला? भिंतीपलीकडून मागांची खटखट येत होती. ती उत्तराची वाट न बघता वळसा घालून चालू लागली आणि सगळी वरात तिच्यामागं. बोळीत दोन्ही बाजूंची दारं उघडी, दारोदार माग चालू, मधोमध एका पद्मसाळ्याचा उभ्या धाग्यांचा लांब ताणा पसरलेला आणि त्याचं दुसरं टोक एका मोमिनाच्या हातात. नरसम्मा रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. मी खुणावलं, उठ. तिनं मान हलवली. उठली असती तर धागा तुटला असता. मडम तिच्याजवळ वाकून बघत बसली.

कलेक्टर म्हणाला, "छान. दारं समोरासमोर ठेवण्याची कल्पना कुणाची?"

बापटसाहेबांनी घसा साफ केला. "लोकांना विचारूनच योजना केली आहे," ते म्हणाले.

खोटं नव्हतं ते. फीत मग पोचय्याच्याच दाराला बांधून कापली. मला शाबासकी मिळाली नाही आणि नोकरीही गेली नाही. नातेपुत्याकडं रस्त्याच्या खडीवर बदली झाली. निघताना बापटसाहेबांनी तांब्यातलं पाणी मला भांड्यात ओतून दिलं.

एक खंत अजून जात नाही. तिसऱ्या ओळीला फिरवायला जागाच नव्हती. तिची पाठ गिरणीच्या कंपाउंडाला. ती माणसं अंधारात महिनाभर धडपडली आणि एकेक करून कारखानदारांकडं मजुरीला गेली. त्यांचे माग विकले गेले. त्या ओळीवरून जाताना मी अजूनही पाय उचलून चालतो.

वस्तीला बापटसाहेबांच्या कमिटीनं भारदस्त नाव दिलं होतं. लोक तिला पाठमोरी चाळ म्हणतात. मोठ्या रस्त्यावर अजून कंदील लागतात आणि कडुनिंबाखाली कुणी बसत नाही. पुढं घरं राहणाऱ्यांच्या नावावर झाली. लेकरं वाढली, तशा लोकांनी वर माड्या चढवल्या. परवा पेन्शनीच्या कामाला त्या बाजूला गेलो होतो तेव्हा सवयीनं छपरांची रेघ बघत बोळीतून चाललो. माडी, माडी, माडी, आणि मध्येच दात पडल्यासारखं एक बैठं घर. दुरुस्त, चुना लावलेलं, पण बैठंच. दारात सातआठ पोरांचा दंगा. आत जागा पुरत नव्हती हे बाहेरून दिसत होतं.

इमामसाब दारात आला. दाढी पांढरी झाली होती. मी रामराम करायच्या आधी विचारलं, "अरे, सगळ्यांनी माडी बांधली. तुझंच घर बुटकं का? पाया कच्चा निघाला काय?"

"पाया तुमारा हय, कच्चा कैसा निकलेगा?" तो हसला आणि समोर बोट केलं. "वो देखो की."

समोरच्या दारात पोचय्या बसला होता. माग त्याचा जावई चालवत होता. पोचय्याचे डोळे पार पांढरे झाले होते. इमामसाबच्या बैठ्या छपरावरून आलेलं सकाळचं ऊन त्याच्या तोंडावर, छातीवर, मागाच्या खड्ड्यापर्यंत पडलं होतं. त्याच्या शेजारच्या दोन्ही दारांत समोरच्या माड्यांची सावली होती.

मी आवाज खाली आणून म्हणालो, "पण त्याला आता दिसत नाही, इमामसाब."

"हमकू मालूम हय."

"मग उजेड कुणासाठी ठेवलायस?"

"आंख गयी, साब. धूप तो लगती हय ना उसकू."

पोचय्यानं मान वर केली. माझी चाल त्यानं ओळखली असावी. "ओव्हरसेर काय? उबे का? बसा की हितं, ऊन बरं हाय."

नरसम्मा सरकली. मी फरशीवर, झाकलेल्या मोरीवर, त्याच्या शेजारी बसलो, आणि ऊन सरकून जाईपर्यंत उठलो नाही.